ट्रायडेंट नक्की कुणाची? फॅसलेनच्या शेजारणीचा प्रश्न

क्लाइडकाठची

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती आणि भटकंतीच्या धाग्यांवर असते. आज वेगळाच प्रश्न घेऊन आलेय. लिहिणं लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही गेली अकरा वर्षं स्कॉटलंडमध्ये हेलन्सबर्गला राहतो. ग्लासगोहून लोकलने पाऊण तासावर, क्लाइडच्या काठचं गाव. इथून आठेक किलोमीटरवर फॅसलेनचा नौदल तळ आहे. ट्रायडेंट क्षेपणास्त्रं वाहणाऱ्या ब्रिटनच्या अण्वस्त्रवाहू पाणबुड्या चारच, व्हॅनगार्ड, व्हिक्टोरियस, व्हिजिलंट आणि व्हेंजन्स, आणि चौघींचं घर इथे. डोंगरापलीकडे लॉख लाँग या खाडीच्या काठी कूलपोर्ट, तिथे वॉरहेड (क्षेपणास्त्राच्या टोकावर बसतो तो अणुबॉम्ब) ठेवतात आणि पाणबुडीवर चढवतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे गुडघे आणि कंबर घेऊन येणाऱ्यांत तळावर नोकरी केलेले बरेच असतात, त्यामुळे हे विषय कानावर पडतच असतात.

एका रविवारी सकाळी मी आणि माझा चौदा वर्षांचा मुलगा रू गावाच्या टोकावर चहाचा थर्मास घेऊन बसलो होतो. तिथे गेर लॉखचं तोंड फार अरुंद आहे, समोरचा काठ हाकेवर वाटतो. आधी पोलिसांच्या दोन बोटी आल्या, मग टग, आणि त्यामागे ती. दीडशे मीटर लांब, काळीभोर, बुरुजावर लाइफजॅकेट घातलेली पाच-सहा माणसं. आवाज म्हणाल तर जवळजवळ नाहीच. ती वळून दिसेनाशी झाली आणि मग तिची लाट काठाला लागली, किनाऱ्यावरचे गोटे खळखळ वाजले. मुलगा म्हणाला, "आई, ती गेली तेव्हा काही नाही, आणि आता आवाज."

आता मूळ मुद्दा. त्याच्या शाळेत वादविवाद आहे. विषय: ब्रिटनचा अण्वस्त्रांचा धाक खरोखर स्वतंत्र आहे का? त्याच्या वाट्याला 'आहे' ही बाजू आली आहे. आमच्या शेजारचे आजोबा तिकडे तीस वर्षं कामाला होते. ते म्हणतात, बटण लंडनच्या पंतप्रधानाचं, अमेरिकेच्या अध्यक्षाला विचारायचं कारणच नाही. माझी एक सहकारी फॅसलेनच्या फाटकाबाहेर १९८२ पासून जी शांतता छावणी आहे ना, रंगवलेल्या कॅराव्हॅनची, तिथे जाणारी. ती म्हणते, क्षेपणास्त्रं अमेरिकेची, दुरुस्तीला अमेरिकेत जातात, चाचणीही अमेरिकेच्या किनाऱ्यावर, मग स्वतंत्र कसलं? दोघंही माझ्याशी खोटं बोलणारी माणसं नाहीत. मी जेवढं वाचलं तेवढी दोघंही बरोबरच वाटायला लागली.

मुलाच्या वादविवादापुरतंच मी हे विचारत नाहीये. उद्या काही झालंच तर पहिला मार या खाडीवर पडणार, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. तो भार आमच्या छपरावर आहे. मग ज्याच्या निर्णयाने तो पडायचा तो लंडनमध्ये बसलाय की वॉशिंग्टनमध्ये, एवढं तरी मला कळायला हवं. जाणकारांनी कृपया सांगावं.

सातारकर_८१

ताई, यात गोंधळण्यासारखं काही नाही. ट्रायडेंट-२ डी-५ हे क्षेपणास्त्र लॉकहीड मार्टिन बनवते. ब्रिटनकडे ५८ क्षेपणास्त्रांचा हक्क आहे, पण तीही अमेरिकेबरोबरच्या सामायिक साठ्यातली. जॉर्जिया राज्यातल्या किंग्ज बे तळावर पाणबुडी जाते, तिथून साठ्यातली क्षेपणास्त्रं घेते, काही वर्षांनी परत देते. अमुक एक क्षेपणास्त्र ब्रिटनचं असं बोट दाखवून सांगता येत नाही. शेजाऱ्याच्या विहिरीवर पाणी भरायचं आणि आमच्या घरी पाणी आहे म्हणायचं, असला हा प्रकार. मुलाला बाजू बदलून घ्यायला सांगा.

खोलपाणी

ताई, तुमचं वाचून राहवलं नाही. मी नौदलात बावीस वर्षं पाणबुडी शाखेत होतो, इंजिनरूमला. आमच्या बोटी डिझेल-बॅटरीवाल्या (पाणबुडीवाला पाणबुडीला बोटच म्हणतो), अणुपाणबुडीवर मी चाकरी केलेली नाही. पण बोट चालती ठेवायला काय लागतं ते अंगावर घेऊन शिकलोय, आणि ट्रायडेंटबद्दल जे उघड छापून येतं ते निवृत्तीनंतर नेमाने वाचतो.

तुमच्या घरात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. आज रात्री हुकूम आला तर ब्रिटनला अमेरिकेला न विचारता डागता येईल का, हा एक. आणि दहा वर्षांनी तसा हुकूम आला तर डागण्याजोगं हाताशी काही असेल का, हा दुसरा. शेजारचे आजोबा पहिल्याचं उत्तर देतायत, तुमची सहकारी दुसऱ्याचं.

पहिल्याचं उत्तर ठाम होय. पंतप्रधानाचा हुकूम लंडनच्या वायव्येला नॉर्थवूडच्या मुख्यालयात जातो, तिथून अतिदीर्घ लहरींच्या रेडिओवर समुद्राखालच्या बोटीला. बोटीवर दोन अधिकारी तो खरा आहे का ते पडताळतात. कप्तान परवानगीची किल्ली फिरवतो आणि शस्त्र-अभियंता अधिकारी पिस्तुलाच्या मुठीसारख्या दस्त्याचा चाप ओढतो. या साखळीत अमेरिकी माणूस नाही, अमेरिकी संकेतांक नाही. बरं, क्षेपणास्त्र उडाल्यावर अमेरिका उपग्रह बंद करून त्याला भरकटवेल असं म्हणावं, तर तेही नाही. डी-५ जीपीएसवर चालत नाही. आतल्या जडत्वाच्या यंत्रणेने दिशा धरतं आणि अवकाशात गेल्यावर ताऱ्याचा वेध घेऊन चूक सुधारतं. आपले जुने नाखवे करायचे तेच, फक्त यंत्राने.

खरं परावलंबन कसं दिसतं ते ब्रिटननेच आधी पाहिलंय. १९५८ नंतर तिथे ६० थॉर क्षेपणास्त्रं उभी होती. त्यांना शब्दशः दोन किल्ल्या होत्या, एक ब्रिटिश अधिकाऱ्याकडे, एक अमेरिकी अधिकाऱ्याकडे. दोघांनी फिरवल्याखेरीज काही हलायचं नाही. १९६३ पर्यंत ती काढून टाकली. ट्रायडेंटवर दुसरी किल्लीच नाही. उलट पंतप्रधान पदावर येताच स्वतःच्या हाताने चार पत्रं लिहितो, चार बोटींच्या कप्तानांसाठी, लंडन उद्ध्वस्त झालं आणि सरकारच उरलं नाही तर काय करायचं ते सांगणारी. ती बोटीवरच्या तिजोरीत राहतात. पंतप्रधान बदलला की न उघडता नष्ट करतात. अमेरिका उरली असेल तर तिच्या हवाली व्हा, असाही एक पर्याय त्यात असू शकतो म्हणतात, पण लिहिणारा हात ब्रिटिशच.

आता दुसरा प्रश्न, आणि इथे मला माझी एक गोष्ट सांगू द्या.

१९९२-९३ चा सुमार. आमची बोट परदेशी बनावटीची, आणि जिने ती बनवली ती सत्ताच फुटून तिचे पंधरा देश झाले होते. हायड्रॉलिक पंपाचं एक सील गेलं. तळहाताएवढं काळं रबर, आत पितळी कडं. ते गेलं की पेरिस्कोप वर घेताना तेलाची धार लागायची, खाली बादली ठेवून आम्ही काम करायचो. मागणी पाठवली. उत्तर आलं की ते बनवणारा कारखाना आता दुसऱ्या देशात गेलाय, नव्याने करार करावा लागेल. पाच महिने बोट धक्क्याला. बोट आमची, झेंडा आमचा, माणसं आमची, हुकूम दिल्लीचा. कुणी आम्हाला 'जाऊ नका' म्हटलं नव्हतं. तरी आम्ही गेलो नाही, कारण जाताच येत नव्हतं. शेवटी मुंबईतल्या एका लहानशा रबरवाल्याकडून साचा पाडून घेतला. पहिली दोन सीलं दाबाखाली फाटली, तिसरं टिकलं.

सील करता आलं. तेरा मीटर लांब, साठेक टन वजनाचं, घन इंधन भरलेलं क्षेपणास्त्र असं रबरवाल्याकडून करून घेता येत नाही. ट्रायडेंटच्या आधी पोलॅरिस हे अमेरिकी क्षेपणास्त्र होतं, त्या काळात ब्रिटन निदान क्षेपणास्त्रांची तपासणी-देखभाल कूलपोर्टला स्वतः करत होता. १९८२ मध्ये ट्रायडेंटचं ठरलं तेव्हा थॅचर सरकारने पैसे वाचवायला ते कामही किंग्ज बेला नेलं. माझ्या मते या सगळ्या कहाणीत निर्णायक गोष्ट हीच, आणि तिच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. विकत घेतल्याने माणूस तितका परावलंबी होत नाही. दुरुस्ती दुसऱ्याकडे गेली की होतो.

वॉरहेड ब्रिटनचं आहे, ऑल्डरमास्टनला आखलेलं, बर्गफील्डला जोडलेलं. पण ज्या कवचात बसून ते वातावरणात परत शिरतं ते अमेरिकेकडून आलेलं. नवं वॉरहेड, अ‍ॅस्ट्रिया, अमेरिकेच्या डब्ल्यू-९३ च्या बरोबरीने चाललंय. २०२० मध्ये त्या डब्ल्यू-९३ चा निधी अमेरिकी काँग्रेसमध्ये अडेल अशी भीती होती, तेव्हा ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी तिथल्या सदस्यांना पत्र लिहून पाठिंबा मागितला. स्वतःच्या अस्त्रासाठी दुसऱ्याच्या संसदेची मनधरणी! मला ते वाचून वाईट वाटलं होतं, खरं सांगतो.

२०१४ मध्ये ब्रिटनच्याच तिन्ही मोठ्या पक्षांतल्या जुन्या नेत्यांचा समावेश असलेल्या ट्रायडेंट कमिशनने अहवाल दिला. त्यात म्हटलंय की अमेरिकेने हात पूर्ण काढून घेतला तर या धाकाचं आयुष्य वर्षांत नव्हे, महिन्यांत मोजावं लागेल. मुलाला हे वाक्य माहीत असू दे. समोरची बाजू ते नक्की काढणार.

क्लाइडकाठची

काका, मनापासून आभार. ते सीलाचं मी मुलाला वाचून दाखवलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "मग असं त्यांनी होऊच कसं दिलं?" त्याला मी काय सांगू? ब्रिटन तर अणुबॉम्बच्या कामात अमेरिकेच्या आधीपासून होता ना?

खोलपाणी

बरोबर विचारलंय पोराने. युद्धात ब्रिटनने आपलं संशोधन आणि शास्त्रज्ञ अमेरिकेच्या हवाली केले, १९४३ मध्ये क्वेबेकला तसा करार झाला. युद्ध संपलं आणि १९४६ च्या मॅकमहॉन कायद्याने अमेरिकेने दार लावून घेतलं, मित्रासकट सगळ्यांना. तेव्हा परराष्ट्रमंत्री बेव्हिन यांनी हट्ट धरला की काही झालं तरी हे अस्त्र आपल्याकडे हवं आणि त्यावर आपला झेंडा हवा. ३ ऑक्टोबर १९५२ ला ऑस्ट्रेलियाजवळ माँटेबेलो बेटांवर त्यांनी स्वतःचा स्फोट केला. १९५७ मध्ये पॅसिफिकात हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्या सुरू केल्या. हे आपल्या हिमतीवर. ते पाहिल्यावरच १९५८ मध्ये अमेरिकेने परस्पर संरक्षण करार करून दार पुन्हा उघडलं. तो करार वेळोवेळी वाढवत होते, २०२४ मध्ये त्याची मुदतच काढून टाकली.

बॉम्ब झाला, पण तो वाहून न्यायचं साधन महाग. १९६० मध्ये त्यांनी आपलं ब्लू स्ट्रीक क्षेपणास्त्र सोडून दिलं आणि अमेरिकेच्या स्कायबोल्टवर भिस्त ठेवली. विमानातून सोडायचं क्षेपणास्त्र ते. त्याच सुमारास अमेरिकेला आपल्या पोलॅरिस पाणबुड्यांसाठी होली लॉखचा तळ मिळाला. ताई, तुमच्या घरापासून फार लांब नाही, क्लाइडच्याच खाडीवर की. १९६१ पासून १९९२ पर्यंत अमेरिकी बोटी तिथे होत्या. आणि १९६२ च्या शेवटी अमेरिकेने स्कायबोल्ट रद्द केलं. स्वतःच्या हिशोबाने, महाग आणि चाचण्यांत फसलेलं म्हणून. ब्रिटनच्या हातात काही उरलं नाही. पंतप्रधान मॅकमिलन बहामातल्या नॅसॉला अमेरिकी अध्यक्ष केनेडींना भेटले आणि पोलॅरिस मागून आणलं. बदल्यात बोटी नाटोच्या दिमतीला द्यायच्या, मात्र राष्ट्राचं सर्वोच्च हित पणाला लागलं तर स्वतंत्रपणे वापरायची मुभा. आजच्या ट्रायडेंटचा कागदी पाया तोच, १९६३ चा पोलॅरिस विक्री करार.

मुलाला सांगा, कुणी एका दिवसात हे होऊ दिलं नाही. दर वेळी समोर दोन वाटा होत्या, एक खर्चाची आणि एक सोयीची.

बोर्दोकर

मी फ्रान्समध्ये बोर्दोजवळ राहतो. माझं काम द्राक्षमळ्यांच्या सिंचनाचं, पण या गावाशेजारच्या सां-मेदार-आं-जालमध्ये घन इंधनाच्या रॉकेट मोटर होतात, फ्रान्सच्या एम-५१ क्षेपणास्त्राच्या सुद्धा. त्यामुळे इथेही हा विषय जेवणाच्या टेबलावर येतो.

नॅसॉनंतर पोलॅरिस फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनाही देऊ केलं होतं. १४ जानेवारी १९६३ च्या पत्रकार परिषदेत त्यांनी ते नाकारलं, आणि त्याच बैठकीत ब्रिटनला युरोपीय बाजारात घ्यायलाही नकार दिला. फ्रान्सने वॉरहेड, क्षेपणास्त्र, पाणबुडी, सगळं घरात केलं. ब्रेस्तजवळ इल लाँगला त्यांच्या चार बोटी. क्षेपणास्त्र बिघडलं तर याच देशातला माणूस ते उघडतो. खोलपाणी काकांच्या कसोटीला फ्रान्स उतरतो.

पण किंमत! २०२४ ते २०३० च्या लष्करी तरतुदीतले सुमारे १३ टक्के अण्वस्त्रांना जातात. आणि एवढं करूनही पूर्ण सोवळं राहता आलं नाही. १९६४ मध्ये फ्रान्सचा धाक म्हणजे मिराज-४ बाँबफेकी विमानं होती, आणि त्यांना हवेत इंधन पाजायला बारा टँकर विमानं बोइंगकडून घेतली होती. सत्तरच्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ फ्रेंचांना गुपचूप मदत करत. उत्तर द्यायचं नाही, पण वाट चुकत असेल तर 'इकडे नको' एवढं सुचवायचं. हे १९८९ मध्ये उघड झालं. आजही 'शार्ल द गॉल' जहाजावरून अण्वस्त्रवाहू राफेल ज्या कॅटापुल्टने फेकलं जातं ते अमेरिकी बनावटीचं. म्हणून सातारकरांना एवढंच म्हणेन, विहीर शेजाऱ्याची की आपली असा दोनच पर्यायांचा हा मामला नाही. दोर, कप्पी, पोहरा वेगवेगळ्या घरचे असतात.

सातारकर_८१

पटलं थोडं. पण बोर्दोकर, कॅटापुल्ट बंद पडलं तरी फ्रान्सच्या पाणबुड्या समुद्रात राहतातच. ब्रिटनला दुसरा पायच नाही. त्यांचे विमानातून टाकायचे बॉम्ब १९९८ मध्येच निकालात निघाले. आता २०२५ मध्ये त्यांनी बारा एफ-३५ए घ्यायचं जाहीर केलंय, नाटोच्या आण्विक मोहिमेसाठी. ती विमानं ब्रिटनची, पण त्यावर लावायचा बॉम्ब अमेरिकेच्या ताब्यातला, अमेरिकी अध्यक्षाच्या परवानगीशिवाय हलणार नाही. म्हणजे थॉरच्या दोन किल्ल्या परत आल्या.

खोलपाणी

हे सातारकरांनी अचूक पकडलं. पाणबुडीचं स्वातंत्र्य आणि त्या विमानांचं परावलंबन एकाच वाक्यात कुणी बोललं तर मुलाने तिथेच थांबवावं.

बोईसरकर

मी बोलू की नको असा विचार करत होतो, कारण माझी गोष्ट बॉम्बची नाही, विजेची आहे. पण काकांनी 'दुरुस्ती' म्हटलं आणि मला आमची तारापूरची कॉलनी आठवली. बाबा तिथे नोकरीला होते, माझं बालपण तिथलंच. संध्याकाळी पाळीची बस आली की सगळ्या इमारतींतून एकदम कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकी बनावटीच्या, १९६९ मध्ये सुरू झालेल्या. १९६३ च्या करारात अमेरिकेने तीस वर्षं समृद्ध युरेनियम पुरवायचं कबूल केलं होतं. दोन सरकारांचा करार, सह्या-शिक्क्यांचा. १९७४ मध्ये पोखरणला स्फोट झाला. मग अमेरिकेच्या काँग्रेसने १९७८ मध्ये नवा कायदा केला आणि तो आधीच्या करारांनाही लावला. पुरवठा रखडत रखडत थांबला. १९८२ मध्ये तोडगा निघाला आणि फ्रान्सने इंधन द्यायचं ठरलं. मधल्या काळात माणसांनी भट्ट्या कमी ताकदीवर चालवून इंधन पुरवून पुरवून वापरलं. वापरलेलं इंधन तर तिथेच पाण्याच्या तलावात साठत राहिलं. अमेरिका ते परत नेईना, आणि आपल्याला त्यावर प्रक्रियाही करू देईना. बाबा म्हणायचे, "पाहुणा जेवून गेला, पान मात्र उचलू देत नाही."

तुलना तंतोतंत नाही, मला कळतं. आपण तेव्हा अमेरिकेचे मित्र नव्हतो, आणि स्फोट करून आपण त्यांना निमित्त दिलं. ब्रिटन तर त्यांच्या घरचाच. पण ताई, तुमच्या मुलाला यातली एक गोष्ट उपयोगी पडेल. आमचा पुरवठा थांबवताना कुणी करार फाडला नाही. अध्यक्षाने रागाने फोनही आपटला नाही. दुसऱ्या देशाच्या संसदेत एक कायदा झाला, एवढंच. ब्रिटनच्या बाबतीतही लोक अमेरिकी अध्यक्ष कोण आहे यावर चर्चा करतात. मला वाटतं नजर काँग्रेसवर ठेवावी.

आणि त्या अडवणुकीतून आपली माणसं पुष्कळ शिकली. प्लुटोनियम मिसळलेलं इंधन बनवून त्याच भट्टीत घालून पाहिलं, सुटे भाग इथे केले. पुढे शेजारीच ५४० मेगावॉटच्या दोन स्वदेशी भट्ट्या उभ्या राहिल्या. काकांच्या तिसऱ्या सीलासारखंच.

खोलपाणी

बोईसरकर, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. पाळीत काम केलेल्या माणसालाच असं बोलता येतं.

ताई, एक राहिलं. धाक म्हणजे शेवटी समोरच्याच्या मनातली गोष्ट. मॉस्कोत बसलेल्या माणसाने हिशोब करायचा असतो की अमेरिका युरोपसाठी स्वतःची शहरं पणाला लावेल का. कदाचित नाही लावणार. पण लंडन? ते तर युरोपातच आहे. निर्णय घेणारं हे दुसरं केंद्र असल्याने त्याचा हिशोब अवघड होतो. एप्रिल १९६९ पासून ब्रिटनची निदान एक बोट कायम समुद्रात आहे. या क्षणी आहे. मॉस्कोला आज रात्रीच्या भीतीने थांबायचं आहे, दहा वर्षांनंतरच्या सुट्या भागांच्या हिशोबाने नाही. म्हणून मुलाची बाजू कमकुवत नाही. त्याने 'वापरण्यात स्वतंत्र' इथे पाय रोवावा, आणि 'टिकवण्यात नाही' हे कुणी विचारायच्या आत स्वतः कबूल करावं.

आणि दोष सगळा अमेरिकेवर ढकलू नये. व्हॅनगार्ड बोट २०१५ मध्ये डेव्हनपोर्टला मोठ्या दुरुस्तीला गेली ती बाहेर यायला सात वर्षांच्या वर लागली. त्यामुळे उरलेल्या बोटींच्या फेऱ्या लांबत लांबत सहा महिन्यांच्या पलीकडे गेल्या. सहा महिने पाण्याखाली! मी पंचेचाळीस दिवसांवर वर आलो की डोळ्यांना दुपारचं ऊन सहन होत नसे. ती गोदी ब्रिटनची, तिथली कामगारांची चणचणही ब्रिटनची. जानेवारी २०२४ मध्ये याच व्हॅनगार्डने फ्लोरिडाजवळ चाचणी घेतली, क्षेपणास्त्र बोटीजवळच पाण्यात पडलं. २०१६ ची व्हेंजन्सची चाचणीही फसली होती. आठ वर्षांत दोन चाचण्या, दोन्ही फसल्या. अमेरिकेने हेच क्षेपणास्त्र दीडशेच्या वर वेळा नीट उडवलंय, त्यामुळे क्षेपणास्त्र वाईट नाही. पण हाताला सराव लागतो.

क्लाइडकाठची

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. काल संध्याकाळी मुलगा धाग्याची प्रिंट घेऊन शेजारच्या आजोबांकडे गेला, मी सोबत होते. मराठीतून इंग्रजी करून तो त्यांना एकेक मुद्दा सांगत होता. थॉरच्या किल्ल्यांवर ते जोरात मान हलवत होते, ताऱ्याच्या वेधावर हसले. मग त्याने १९८२ चं सांगितलं, क्षेपणास्त्रांची देखभाल किंग्ज बेला गेली ते.

आजोबा थांबले. मला आजवर वाटत होतं की ते फॅसलेनच्या धक्क्यावर होते. ते म्हणाले, मी कूलपोर्टला होतो, पोलॅरिसवर. क्षेपणास्त्र आडवं घेऊन उघडायचं, तपासायचं, पुन्हा बंद करायचं, त्या टोळीत. चौदा जण होतो. शेवटची पोलॅरिस बोट १९९६ मध्ये निवृत्त झाली आणि आम्हाला दुसऱ्या कामांवर घातलं. चौदातले आता दोघं उरलोत, दुसरा ग्रीनॉकला असतो, त्याला काही आठवत नाही.

मुलाने विचारलं, आज लंडनने ठरवलं की हे काम परत इथे करायचं, तर तुम्ही शिकवू शकाल का?

ते म्हणाले, पोलॅरिसचं शिकवीन. ट्रायडेंट मी आतून कधी पाहिलेलं नाही.

मुलाने ते वहीत लिहून घेतलंय. बाजू बदलायची नाही म्हणतो, काकांनी सांगितलं तिथेच पाय रोवणार आहे. गुरुवारी वादविवाद आहे. शुक्रवारी इथे येऊन कळवते.